नऊ लाखांची कोरी जागा

भाऊ,

आज नववा दिवस. माणसं अजून येताहेत, सतरंजीवर बसताहेत आणि तुमच्याबद्दल चांगलंच बोलून उठताहेत. वडगावला तहसीलच्या आवारात तीस वर्षं टेबल टाकून बसलेला माणूस, किती जणांची खरेदीखतं टाइप केली, किती पावत्या केल्या, गरिबाकडून कधी जास्त घेतलं नाही. काल एक जण म्हणाला, भाऊंनी केलेला कागद कोर्टात कधी हलला नाही. मी मान डोलावली आणि आत जाऊन चहा टाकला. चहाचं निमित्त मिळालं की बरं वाटतं हल्ली.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलणं तुम्हाला स्वतःला कधी जमलं नाही. कुणाच्या दहाव्याहून परत येताना कान्ह्याच्या स्टेशनपासून घरापर्यंत तुम्ही त्याची सालटी काढायचात. "लय सोज्वळ करून टाकला गं त्येला. जिता असता तर सोताला वळखला नसता," म्हणायचात. ती जीभ माझ्यात उतरली आहे असं आई म्हणते. तेव्हा माझ्याकडून सोज्वळ काही ऐकायची अपेक्षा ठेवू नका. सगळं जग तुम्हाला भाऊ म्हणायचं म्हणून आम्ही पोरंही भाऊच म्हणालो, आणि जगाहून जास्त ओळख तुम्ही आम्हाला दिलीही नाहीत. दहावीला मला किती टक्के पडले हे तुम्ही पेढे वाटताना शेजाऱ्याला विचारलं होतंत.

ठमामावशी पहिल्यांदा आली ती दिवाळी झाल्यावर, एका रविवारी. वरच्या वाडीवरून कामशेतला उतरली, तिथून कान्ह्याला. तुम्ही ओसरीवर पेपर वाचत होतात, मी लॅपटॉप घेऊन बसले होते. ती पायरीवरच बसली. तिचा नवरा सहा वर्षांमागं आपली डोंगराकडची जमीन बंगलेवाल्या माणसांना देऊन बसला आणि पुढं दोन वर्षांत वारला. आता तिनं दावा लावला होता.

"भाऊ, धन्यानं अंगठा दिला तवा मी संगट व्हती," ती म्हणाली. "हातात नव्वद हजार दिलं. आता ती मान्सं पावती दावत्यात न् म्हंत्यात नऊ लाख दिलं. कागद तुमीच केला. त्याच्याव आकडा किती व्हता तेवढं सांगा. वकिलानं इचारलंय."

"मावशी, सहा वरसं झाली. आता कुटं सापडायचा त्यो कागद," तुम्ही म्हणालात.

आणि मी मध्ये तोंड घातलं. मी म्हणाले, सापडेल की, भाऊंचा जुना संगणक माळ्यावर आहे, मी शोधून देते. त्यात हजारो फायली असतील तरी वेळ लागायचा नाही, माझं कामच ते आहे. तुम्ही पेपर खाली करून माझ्याकडं जे बघितलंत ते मला अजून दिसतं. मला वाटलं, पोरगी आपल्यापेक्षा हुशार निघाली म्हणून तुम्हाला झोंबलं. मला बरं वाटलं.

माझं काम काय हे तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा विचारलंत. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं की कंपनीत ढीगभर मजकूर येतो आणि त्यातून रकमा वेचायच्या असतात. त्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन नावाची एक लिपीच असते. तिच्यात नेमका शब्द सांगायचा नसतो, त्याची ठेवण सांगायची असते. आधी 'रु', मग असलंच तर टिंब, असली तर मोकळी जागा, मग आकडे आणि स्वल्पविराम, शेवटी तिरपी रेघ. या ठेवणीत बसेल तेवढं संगणक उचलून हातात देतो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजी चाळण." तेव्हापासून तिचं नाव चाळण.

तुमच्या फायली जुन्या फॉन्टमधल्या. त्या आजच्या अक्षरांत बदलून घेतल्या, त्यात बरंच सांडलं-लवंडलं, पण वाचता येत होत्या. मी मोठ्या तोऱ्यात कंपनीतली चाळण त्यांच्यावर फिरवली. एकही रक्कम सापडली नाही. ती इंग्रजी आकडे शोधत होती, तुमचे सगळे मराठी. तुम्ही इतके हसलात की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी आकडे दुरुस्त केले तर सव्वा लाखाच्या जागी पंचवीस हजार यायला लागले. बाहेरच्या जगात तीन-तीन आकड्यांमागं स्वल्पविराम पडतो आणि आपल्याकडं हजारानंतर दोन-दोनांवर, हे मी विसरले होते. "एक लाख कुटं सांडलं गं?" तुम्ही टेबलावर आलेल्या गिऱ्हाइकांना सांगत सुटलात, "माजी पोरगी पुण्याच्या कंपनीत लाख सांडायचा पगार घेती." मी महिनाभर तोंड लपवत वडगावच्या बाजारात फिरले.

पण संध्याकाळी घरी आलात की खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायचात. गटाचा नंबर रक्कम म्हणून आला की स्क्रीनवर बोट ठेवायचात. आकारणीचे दोन रुपये पंधरा पैसे आले की म्हणायचात, "ही रक्कम न्हाई, सरकारी आकार हाय, टाक भाईर." सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन, लोक पैसे किती तऱ्हांनी लिहितात ते तुम्ही सांगायचात आणि मी एकेक नियम बांधायचे. आकड्याला 'रु' का चिकटवतात आणि मागं तिरपी-आडवी रेघ का मारतात हे मला तुमच्याकडून कळलं. पुढून कुणी आकडा घुसवू नये, मागून कुणी शून्य जोडू नये. त्यावरही भरवसा नको म्हणून कंसात अक्षरी लिहायचं आणि 'फक्त' म्हणून दार लावून घ्यायचं. एवढं जपून, एवढ्या प्रेमानं तुम्ही पैशाबद्दल बोलत होतात की मी लिहायचं थांबवून ऐकत बसायचे. कंपनीत माझी ती चाळण आजही चालते. तिचं कौतुक झालं तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं होतं. ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

ते पंधरा-वीस दिवस माझ्या आयुष्यातले तुमच्यासोबतचे सगळ्यांत चांगले दिवस होते. हे मी मुद्दाम इथं लिहून ठेवते, कारण पुढं मला ते लिहिता येणार नाही.

शेवटी चाळण तयार झाली. प्रत्येक फायलीतून रक्कम निघायला लागली, फक्त अकरा फायली सोडून. त्या अकरांत 'रु' होता, रेघ होती, 'अक्षरी रुपये' होतं, 'फक्त' होतं, आणि मध्ये काहीच नव्हतं. त्यांत एक ठमामावशीच्या नवऱ्याची पावती होती. मला वाटलं, फॉन्ट बदलताना आकडे गळाले. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "तुजा नियमच कच्चा आसंल, बघ परत." मी परत बघितलं. आठवडाभर बघितलं. आणखी एक कटकट होती, अकरा लहान लहान फायली अशा होत्या की ज्यांत रकमेशिवाय दुसरं अक्षर नव्हतं. कुठून तरी गळून पडलेला कचरा समजून मी त्या बाजूला टाकल्या होत्या. तुम्ही शेजारी बसून हे सगळं बघत होतात. चहा पीत होतात. एकदा तर म्हणालात, "दमलीस तर सोड, मावशीला सांगू घावत न्हाई म्हनून."

एका शनिवारी तुम्ही तांदूळ बघायला कामशेतला गेलात. मी माळ्यावरचा संगणक खाली काढला आणि मावशीची फाइल तुमच्या जुन्या फॉन्टमध्येच उघडली. काही गळालं नव्हतं. तिथं कोरी जागाच होती, मोजून सोडलेली. मग ती कचऱ्यातली लहान फाइल उघडली. पूर्ण पान रिकामं आणि मधोमध एका ठिकाणी फक्त नऊ लाखांचा आकडा, त्याच्या थोडं पुढं अक्षरी नऊ लाख. मी दोन्ही पानं छापली आणि एकावर एक ठेवून खिडकीला धरली. आकडा कोऱ्या जागेत नेमका जाऊन बसला. पहिली फाइल सकाळी अकराची होती, दुसरी त्याच दिवशीची संध्याकाळी साडेपाचची. अंगठा मधल्या वेळातला.

रविवारी सकाळी तुम्ही ओट्यावर आरसा टांगून दाढी करत होतात. मी दोन्ही पानं तुमच्यासमोर धरली. तुम्ही घाबराल असं मला वाटलं होतं. तुम्ही आरशातूनच बघितलंत.

"अंगठा झालेला कागद परत मशिनीत घालून नेमक्या ओळीव आणायचा, ही कला हाय पोरी," तुम्ही म्हणालात. "टायपरायटरवर शिकलो. प्रिंटरव बी जमवली. एक केस हिकडंतिकडं न्हाई."

"आकडा आधी का नाही घातलात?"

"त्या मान्सांचं ठरलं नव्हतं तवर."

"आणि मावशीच्या नवऱ्याचं काय?"

"त्येला वाचता येत व्हतं व्हय? आकडा आसला काय न् नसला काय, त्येला कागद सारखाच."

मी विचारलं, यात तुम्हाला काय मिळालं. पावतीमागं पाचशे रुपये जादा, असं तुम्ही अगदी सहज सांगितलंत. मोठी रक्कम असती तर मला समजलं तरी असतं. आजारपण, माझं शिक्षण, काहीतरी कारण मी तुमच्यासाठी शोधलं असतं. वाड्यांवरची अकरा माणसं तुम्ही साडेपाच हजारांत विकलीत आणि वर त्यातली सफाई मला दाखवत होतात.

तेव्हा मी जे बोलले ते एका दमात बोलले. मी म्हणाले, तुम्हाला पोलिसांत देणार नाही, आई आहे. पण हे कागद मी मावशीला देणार. तुम्ही मेल्यावर देणार. आणि तोवर रोज सकाळी डोळे उघडले की आठवा, घरात एक माणूस तुमच्या मरणाची वाट बघतंय.

तुम्ही वस्तरा मगात बुडवून झटकलात. थोडा विचार केलात. "बरं," म्हणालात. "मी गेल्याव दे."

मला वाटलं मी जिंकले.

त्यानंतर चार महिने आपण कसे वागलो, भाऊ. बाहेरच्याला कळणार नाही आणि कळू नये. जेवताना ठसका लागला की तुम्ही माझ्याकडं बघून म्हणायचात, "प्रिंटरात कागद हाय ना?" आणि मी पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणायचे, "भरपूर आहे." आईला वाटायचं आमची काही गंमत चालली आहे. खोटं कशाला सांगू, मला हसू यायचं. इतकं वाईट बोलायला मला दुसरं कुणी नव्हतं, तुम्हालाही नव्हतं.

मावशी दर बाजाराच्या दिवशी येऊन जायची. कधी रानातल्या शेंगा आणायची. मी दर वेळी सांगायचे, शोधतेय मावशी. पानं माझ्या कपाटात, साड्यांखाली. एकदा तुम्ही तिच्या देखत म्हणालात, "माज्या पोरीची चाळण लय हळू चालती मावशी. मी मेल्याबिगर तुजा कागद निघत न्हाई बघ." ती पदर तोंडाला लावून हसली. "आसं नगं बोलू भाऊ," म्हणाली, "तुमी शंभर वरसं जगा." आणि तुम्ही मला सांगितलंत, मावशीला चहा टाक. मी टाकला. तुमच्या पाचशे रुपयांवर मी जेवढी चिडले होते तेवढं मी त्या चहासाठी स्वतःवर चिडायला हवं होतं. चिडले नाही.

तुम्ही गेलात त्याच्या पाचव्या दिवशी मी वडगावला गेले. सुतकात बाई बाहेर पडली म्हणून शेजारणींनी एकमेकींकडं बघितलं. मावशीला निरोप धाडून बोलावलं होतं. तिच्या वकिलांसमोर मी दोन्ही पानं ठेवली, जुना संगणक दाखवते म्हणाले, वेळा सांगितल्या. माझा आवाज मोठा झाला होता. चार महिने या दिवसासाठी जपलं होतं ना.

वकिलांनी पानं खिडकीला धरून बघितली, मी धरली होती तशीच. खाली ठेवली.

"चांगलं आहे हो," ते म्हणाले. "पण नुसतं हे कोण धरणार? ते म्हणतील, संगणकाचं घड्याळ चुकलेलं होतं. म्हणतील, कागद दोनदा छापला, पण दोन्ही वेळा अंगठ्याच्या आधी. अंगठा पडला तेव्हा जागा कोरी होती हे शपथेवर सांगणारा माणूस पाहिजे. तो एकच होता." मग त्यांना माझं बिनटिकलीचं कपाळ दिसलं असावं, किंवा सुतक आठवलं. "समन्स काढलं असतं तर उलटतपासात काहीतरी निघालं असतं," एवढं म्हणून ते दुसरी फाइल चाळायला लागले.

तीस वर्षं त्या कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून बसलेला माणूस. कुठला कागद कधी जिवंत असतो आणि कधी मरतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. वस्तरा झटकताना तुम्ही तोच हिशेब केलात. मी तुम्हाला शिक्षा म्हणून जी मुदत दिली तीच तुमची सुटका होती, आणि तुम्ही ती माझ्या हातून, माझ्याच तोंडून घेतलीत. मी धमकी देत होते आणि तुम्ही मनात म्हणत असाल, लेकरू भोळं आहे. भाऊ, तुमच्या सरणाला मी प्रदक्षिणा घातली त्याचा मला त्या क्षणी पश्चात्ताप झाला. अजून आहे.

बाहेर आल्यावर मावशी पायरीवर बसली. मी तिला सगळं सांगितलं. नऊ लाख कसे छापले, कधी सापडले, कुठं ठेवले होते. तिनं शांतपणे ऐकलं. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"मंजी तुला दिवाळीपसनं ठावं व्हतं," ती म्हणाली.

"दिवाळीनंतर महिन्यानं."

"मग भाऊ जिता व्हता तवा का न्हाई दिलंस?"

 गाडीची वेळ झाली म्हणून ती उठून गेली.

उद्या तुमचा दहावा. कावळा शिवला नाही तर सगळे माझ्याकडं बघतील, जीव कशात अडकलाय विचारतील, काहीतरी कबूल कर म्हणतील. तुमचा जीव कशात अडकला असेल ते मला माहीत आहे. मी गप्प राहावं, एवढंच तुम्हाला हवं असणार. ते मी कबूल करणार नाही. कावळा दिवसभर घिरट्या घालू दे.

कारण काल मी परत वकिलांकडं जाऊन आले. ओट्यावर तुम्ही जे बोललात, कला हाय म्हणालात, त्या मान्सांचं ठरलं नव्हतं म्हणालात, ते मी कोर्टात उभं राहून सांगणार आहे. मुलीनं बापाचं बोलणं सांगितलं तर ते किती टिकेल याची खात्री वकील देत नाहीत. पण आईला सांगितलं आहे. ती कालपासून माझ्याशी बोललेली नाही.

वकिलांनी मला तयार राहायला सांगितलंय. समोरचा वकील पहिलाच प्रश्न मावशीचा विचारील: वडील जिवंत असताना गप्प का बसलात? काल दुपारपासून मी उत्तरं जुळवतेय. आईची तब्येत. खात्री नव्हती. फॉन्ट जुना होता. खोटं मला चांगलं जमतं, तुमचीच आहे मी. पण खरं उत्तर एकच आहे आणि ते मला त्या पिंजऱ्यात उभं राहून, मावशीच्या डोळ्यांदेखत द्यावं लागणार आहे. कागद दिला असता तर पोलिसांनी तुम्हाला नेलं असतं, भाऊ. आणि तुम्ही नुकतेच कुठं खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायला लागला होतात.